दादाच्या नावाची बाटली

२ फेब्रुवारी, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस छान गेला. हे आधी लिहून ठेवते, कारण गेल्या चार महिन्यांत असं वाक्य लिहायची वेळ आली नव्हती.

जनावरांचा हा दवाखाना लांबट, बैठा आहे. पुढे बाकं टाकलेली खोली, मग तपासणीचं टेबल, त्यामागे शस्त्रक्रियेची खोली आणि अगदी टोकाला माझी लॅब. दहा बाय आठची. पूर्वेला मोठी खिडकी, तिच्याखाली पांढऱ्या फरशीचा ओटा. ओट्यावर मायक्रोस्कोप, लघवीची घनता मोजायची हातात मावणारी दुर्बीण, तपासणीच्या पट्ट्यांच्या डब्या. नमुना गरगर फिरवून गाळ खाली बसवायचं सेंट्रिफ्यूज जुनं आहे, सुरू होताना म्हाताऱ्यासारखं खाकरतं. कोपऱ्यात कमरेएवढा फ्रिज, आत थर्मामीटर टांगलेला. बरोबर चार अंश. माझ्याआधी इथे कोणीतरी नीटनेटकं माणूस काम करून गेलं आहे. बरं वाटलं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या. आवाज असा, की बाहेर बांधलेली गायसुद्धा कान टवकारते. त्यांनी विचारलं, अकरा वर्षं माणसांच्या हॉस्पिटलात काढलीत, आता जनावरांकडे कशाला वळलात? मी म्हटलं, बदल हवा होता. त्या म्हणाल्या, चांगलं केलंत, जनावर कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो त्याचा मालक. मी हसले.

जनावरं धरायला आणि साफसफाईला मावशी आहेत. साठीला आल्या असतील, पण दंडात बळ आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जाहीर करून टाकलं, की एवढ्याशा बाईला बोकडाचं पिल्लूसुद्धा ढुशी मारून पाडेल.

कामाचे नियम ओळखीचेच आहेत. नमुना तासाभरात तपासायचा, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवायचा. फ्रिजमधला नमुना खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय तपासायचा नाही, थंड नमुना चुकीची उत्तरं देतो. बाटलीवर नाव, जनावर आणि वेळ हवीच. बिननावाची बाटली सरळ मोरीत ओतायची.

राहायची खोली रस्त्याच्या पलीकडेच मिळाली आहे. संध्याकाळी वहिनीला फोन करून पोचल्याचं कळवलं. छोटीने फोन ओढून घेतला आणि आत्या, तुझ्याकडे हत्ती येतो का, असं विचारलं. आठ वर्षांची आहे. वहिनी आणि छोटी, एवढंच माझं घर उरलं आहे आता. वहिनीला मी एक गोष्ट सांगितलेली नाही. ती सांगितली, तर हे एवढंसं घरही राहणार नाही. तेव्हा कामाबद्दलच लिहीत जाईन.

४ फेब्रुवारी, बुधवार

माणूस बाटली घेऊन बाथरूममध्ये जातो आणि भरून आणतो. जनावराचं तसं नाही, हे दोन दिवसांत नीट कळलं.

गायीचा नमुना घ्यायचा तर शेपटीखाली हळूहळू चोळत राहायचं आणि भांडं घेऊन वाट पाहायची. मावशी याबाबतीत उस्ताद आहेत. मी वीस मिनिटं उभी राहिले, काहीच झालं नाही. मावशींनी भांडं हातातून काढून घेतलं, त्या म्हणाल्या, गाय काय तुमच्या बापाची नोकर आहे, जरा गोड बोला तिच्याशी. दोन मिनिटांत भांडं भरलं. शेळीचं नाक क्षणभर दाबून धरलं की ती घाबरून सोडते. कुत्र्यामागे काठीला बांधलेला डाव घेऊन फिरावं लागतं. मांजराच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी प्लास्टिकचे मणी घालायचे. मांजर वरून रागाने पाहतं, पण शेवटी बसतं.

आज एका गृहस्थांनी आपल्या कुत्रीचा नमुना घरूनच आणला. पट्टीवर साखर भरमसाट आली. डॉक्टरबाई मधुमेहाचं औषध लिहायला बसल्या, तेवढ्यात मला बरणी चिकट लागली. मधाची बरणी होती, नुसती विसळून आणलेली. डॉक्टरबाई त्या गृहस्थांना म्हणाल्या, तुमची कुत्री ठीक आहे, फक्त तुमच्या घरी भांडी कोण घासतं ते सांगा. सगळे हसले. मीही हसले, आणि या वेळी मनापासून.

दादाला हे सांगता आलं असतं तर त्याने दहा जणांना तिखटमीठ लावून सांगितलं असतं. तो मला खारू म्हणायचा, कारण लहानपणी मी खारीसारखी गालात सगळं साठवून ठेवायची. बोलायचं तेसुद्धा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी फ्रिज उघडला तर खालच्या कप्प्यात एक बाटली होती. तिच्यावर नाव नव्हतं. काल जाताना तो कप्पा मीच पुसला होता. मावशींना विचारलं, त्यांनी कानावर हात ठेवले. किल्ल्या आम्हा दोघींकडेच असतात.

नियमाप्रमाणे मोरीत ओतायला गेले. पण बाटली हातात घेतली तर ती कोमट होती. थर्मामीटर चार अंश दाखवत होता. शेजारची मांजराची बाटली बर्फासारखी गार.

कुतूहल म्हणून तपासली. हे करायला नको होतं, पण अकरा वर्षांची सवय आहे, हात आपोआप चालतात. हलवली तर वर फेस धरला आणि तो बसेना. पट्टी गडद हिरवी, म्हणजे प्रथिनं भरपूर जात होती. दुर्बिणीत थेंब टाकून उजेडाकडे धरली. १.०१०. हा आकडा मी ओळखते. पाणी म्हणजे १.०००. मूत्रपिंड जितकं चांगलं काम करतं, तितकी लघवी दाट होते आणि आकडा वर चढतो. मूत्रपिंड थकलं, की आकडा १.०१० वर येऊन बसतो आणि तिथून हलत नाही.

नमुना फिरवून खालचा गाळ काचपट्टीवर घेतला. मेणाचे तुकडे असावेत तसे रुंद, कडा मोडलेले साचे. बंद पडत चाललेल्या मूत्रपिंडाच्या नळ्यांमधून निघतात ते.

दादाच्या शेवटच्या खऱ्या नमुन्यात अगदी हेच होतं. हाच आकडा, हेच साचे.

कुठल्यातरी म्हाताऱ्या कुत्र्याचा नमुना असेल. तरी माझ्याने ओतवला नाही. पेन्सिलीने बाटलीवर ‘दादा’ लिहिलं आणि ती परत आत ठेवली. माणूस गेल्यावर त्याचा शर्ट जपून ठेवतात, तसंच हे, असं स्वतःला समजावलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

माझी पेन्सिलीची बाटली नाहीशी झाली आहे. तिच्या जागी नवी आहे. हिच्यावर चिठ्ठी आहे, जुन्या हॉस्पिटलच्या चिठ्ठ्यांसारखी. दादाचं पूर्ण नाव, वय ४४, पुरुष, नमुन्याची वेळ सकाळी ६.१०. अक्षर माझंच आहे.

मी ती लिहिलेली नाही.

बाटली कोमट. घनता १.०१४. प्रथिनं कमी. साचे मोजके.

डॉक्टरबाईंना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा मी चिठ्ठीवर हात ठेवला. त्या म्हणाल्या, चेहरा का असा, भूत पाहिल्यासारखा? आणि दूध उतू जातंय म्हणून तशाच परत पळाल्या.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल १.०१८. आज १.०२०. प्रथिनं नावापुरती. गाळात एकही साचा नाही.

हे लिहायला लाज वाटते, पण मला आनंद होतो आहे. सकाळी साडेआठला मी दारात उभी असते. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशी माणसं मिळत नाहीत हल्ली.

मला तहान फार लागते आहे. दुपारभर पाणी पीत होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं लिहायला हवं.

दादा ऑक्टोबरात माझ्याच हॉस्पिटलात होता. मूत्रपिंडाला सूज होती. त्याचे नमुने मीच तपासत असे. डॉक्टर म्हणाले होते, लघवी सुधारली की घरी सोडू. छोटीचा वाढदिवस जवळ आला होता. दादाने मला जवळ बोलावलं, तो म्हणाला, खारू, तुझी दे ना माझ्या नावावर, कोणाला कळतंय, दोन दिवस घरी जाऊन येतो. मी नाही म्हटलं. त्याने तोंड फिरवलं. आयुष्यात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला शिकवलं त्याने, स्वतःचं शिक्षण सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी माझी लघवी त्याच्या बाटलीत भरली. अहवाल लिहिला. घनता १.०२२. प्रथिनं नाहीत. साखर नाही. पेशी नाहीत. साचे नाहीत. स्फटिक नाहीत. शेरा, नॉर्मल. खाली माझी सही. रक्ताचा अहवाल यायला दोन दिवस होते. डॉक्टरांनी माझ्या कागदावर भरवसा ठेवला, औषध कमी केलं आणि त्याला घरी सोडलं. त्याला केक खाऊ दिला. त्यानंतर नवव्या दिवशी दादा गेला. रक्ताचा अहवाल आला तेव्हा वहिनीने हॉस्पिटलचा फोनच उचलला नव्हता, पाहुणे होते घरात. त्याबद्दल ती आजही स्वतःला दोष देते. मी ऐकून घेते.

आजची बाटली: १.०२२. प्रथिनं नाहीत. साखर नाही. पेशी, साचे, स्फटिक नाहीत.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, शेजारी कोणी निजलं असावं तशी. म्हणाली, कोणाला सांगू नकोस, वेड्यात काढतील मला. आठवडाभर रोज सकाळी बाथरूम ओलं असतं. आज सहाच्या सुमाराला दार उघडलं तर हे आत उभे होते. पायावर सूज नाही, चेहरा कसा तुकतुकीत. मी विचारलं, कसं वाटतंय? तर म्हणाले, नॉर्मल.

मी फोन कानाला धरून उभी राहिले. वहिनी रडत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा ती आनंदाने रडत होती. ती म्हणाली, बोल की गं काहीतरी.

 मी गालात साठवून ठेवलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बूट घालता आले नाहीत. पाऊल फुगलं आहे, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो.

मी स्वतःचा नमुना तपासला. गेल्या आठवड्यापर्यंत मी ठणठणीत होते. आज घनता १.०१५, पट्टी हिरवी.

त्याची बाटली: १.०३०.

वहिनीला फोन केला. विचारलं, दादा माझ्याबद्दल काही बोलतो का. वहिनी जरा घुटमळली. म्हणाली, खारूला फोन लावू का असं मी विचारलं, तर खारू कोण, म्हणाले. मग तुझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, तर मान हलवली. म्हणाले, हो, तपासनीस. आजारपणात विस्मरण होतं का गं, असं तिने मला विचारलं. मग म्हणाली, छोटीचा वाढदिवससुद्धा त्यांना आठवत नाही. नाव सांगतात, वय सांगतात, पुरुष म्हणतात. बाकी काही विचारलं तर नाही म्हणतात. भूक? नाही. झोप? नाही. दुखतंय? नाही.

तो माझा अहवाल वाचून दाखवतो आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रविवारीही लॅबमध्ये जाऊन आले. १.०३८. आज १.०५१.

माणसाची लघवी एवढी दाट होत नाही. १.०३५, फार तर १.०४०. मी अकरा वर्षांत त्यापुढे पाहिलेली नाही. चिठ्ठी झाकून डॉक्टरबाईंना आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, मांजर दिसतंय, एकदम ठणठणीत. मग गाळाची काचपट्टी पाहिली. मला विचारलं, हे काय आणलंत, रंगीत पाणी? जिवंत अंगातून आलेल्या थेंबात एखादी तरी पेशी, एखादा तरी कण असतो. यात काहीच नाही.

पेशी नाहीत. साचे नाहीत. स्फटिक नाहीत.

आता समजलं. बरा होतोय तो दादा नाही. दादाची लघवी वाईट होती, दादा मेला, ते खरं होतं. मी कागदावर त्याच्या नावाचा एक दुसरा माणूस तयार केला, ज्याच्यात काहीच नव्हतं. तो कोणीच नव्हता. मी सही करून त्याला घरी जायची परवानगी दिली. तो आता घरी गेला आहे.

डॉक्टरबाईंचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, आज माणसांच्या डॉक्टरकडे जा, नाहीतर मी गायीची सुई टोचेन.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तपासायला रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब भरती व्हा. दोन्ही मूत्रपिंडं. त्यांनी विचारलं, एवढ्या दिवसांत लक्षात कसं आलं नाही, तुम्ही तर याच क्षेत्रातल्या. उद्या येते म्हटलं.

त्याआधी सकाळी बाटली मोरीत ओतली. १.०६६ होती. ओतताना मोरीतून वाफ आली. त्यानंतर दिवसभर मला स्वतःला एक थेंबही लघवी झाली नाही. पोट दगडासारखं. मावशींनी धरून खोलीवर आणलं. म्हणाल्या, कोणी आहे का हो तुमचं, बोलावून घ्या.

कोणाला बोलावू?

छोटी त्या घरात आहे. त्याच्याबरोबर. मी एवढे दिवस माझं घर तुटेल म्हणून गप्प बसले, आणि ती—

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज दोन बाटल्या. दोन्ही कोमट. मोजल्या नाहीत. दुर्बिणीतला आकड्यांचा पट्टा संपतो तिथे—

एकच उपाय सुचतो. लॅबमध्ये चुकीचा आकडा खोडून नाहीसा करत नाहीत. त्यावर सरळ एक रेघ मारतात, शेजारी खरा आकडा लिहितात, तारीख घालतात. मग तो चुकीचा आकडा चालत नाही. सहीचा कागद वहिनीच्या फाइलमध्ये आहे. एवढी एकच प्रत. मी जाऊन रेघ मारली असती. पाच तासांचा प्रवास. जिना उतरतानाच दोनदा बसले.

वहिनीलाच सांगावं लागेल. सगळं. तिनेच रेघ मारावी लागेल.

फोन हातात घेतला. ठेवला. परत घेतला. छोटीचा आवाज आला असता तर—

उद्या. दिवस उजाडल्यावर. दवाखान्यातून. तिथे माणसं असतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहा चाळीस. सांगितलं.

सुरुवातीपासून सांगितलं. बाटली, सही, केक. तो जो आहे तो कोण आहे तेही. म्हटलं, फाइल काढ, शेवटून तिसरा कागद, आकड्यावर आणि शेऱ्यावर रेघ मार, शेजारी लिही १.०१०, प्रथिनं भरपूर. माझं नाव घाल.

 मग कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाली, हा का. बरं.

मी म्हटलं, मार रेघ. छोटीसाठी तरी.

ती म्हणाली, छोटी रविवारीच माझ्या आईकडे गेली. घाबरते ती त्यांना. मला काय दिसत नाही? ते पापणी हलवत नाहीत. ताटावर बसतात आणि जेवत नाहीत. मला सगळं दिसतं. पण संध्याकाळी घरात दिवा लागतो तेव्हा समोर कोणीतरी बसलेलं असतं. चार महिने मी स्वतःला खात होते, फोन उचलला नाही म्हणून. तू रोज ऐकत होतीस. एकदा तरी बोलायचं होतंस.

मी माफी मागितली.

ती म्हणाली, तुझ्यामुळे गेले. आता तुझ्यामुळे आलेत, तर राहू देत. तेव्हा त्यांनी मागितल्यावर दिलंस ना? मग आता कशाला हात आखडता घेतेस.

कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. रेघेचा नाही.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, पहाटेच निघालेत ते तुझ्याकडे. बाटलीतलं पुरेना झालंय म्हणाले.

अकरा पाच.

हे पान फाडून डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवायचं आहे. छोटीला कोणी परत त्या घरी नेऊ नये. तिच्या आजीला कळवा. मागे पत्ता लिहिला आहे. खाली सही करते. ही सही खरी आहे.

अकरा दहा. बाहेर एकदम गोंधळ. मावशी ओरडतायत, की एकजात सगळी, कुत्री, मांजरं, ती शेळीसुद्धा, एकाच वेळी जागच्या जागी— फरशीवर लोंढा, कोणी फडकं आणा— डॉक्टरबाई विचारतायत, कशाला घाबरली ही—

मग शांत. एकही भुंकत नाही.

खिडकीला गज आहेत. दुसरं दार नाही.

पोटात आत काहीतरी ओढल्यासारखं, हळूहळू, चोळून चोळून—

मावशी दारात. म्हणतात, बाहेर एक गृहस्थ आलेत, जनावर काही नाही सोबत, तुमचं पूर्ण नाव घेतात. काय होतंय विचारलं तर म्हणतात, नॉर्मल. आत पाठवू का?

मी मानेने नाही म्हणते आहे. मावशी माझ्याकडे बघत नाहीयेत. त्या बाजूला सरकून वाट देतायत, आणि त्यांच्या मागे दादाचा निळा शर्ट, दादाचे खांदे, आणि वर जिथे तोंड, तिथे काही ना—